असावं आपलं

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान दोन छत्र्या बाळगतात. एक हातात, एक पिशवीत. पिशवीतली कशाला, असं विचारलं की म्हणतात, "असावं आपलं." खिशात पेनं दोन. पाकिटात शर्टाची जादा बटणं, तीही तीन वेगवेगळ्या रंगांची. घराची एक किल्ली त्यांच्याकडे, एक धाकटीकडे, आणि एक माझ्याकडे, जिचा मला अकरा वर्षांत एकदाही उपयोग झालेला नाही. कामावरची माणसं त्यांना पाठीमागे 'असावं आपलं' म्हणतात, आणि कुणी तोंडावर म्हटलं तरी ते हसतातच. वयाने ते माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पण बहिणीचा नवरा म्हणजे मान द्यायचा, म्हणून मी त्यांना 'पाहुणे' म्हणतो आणि ते मला दादा.

देवाचंही त्यांचं तसंच. असावा आपला.

आमचं काम उंच इमारतींच्या काचा पुसण्याचं. ते दोरावर लटकून खाली उतरतात, मी गच्चीवर थांबून दोर सांभाळतो. पूर्वी मीही उतरायचो, पण गुडघ्याने दगा दिला आणि मी वरचा माणूस झालो. उतरणाऱ्याच्या पट्ट्याला दोन दोर असतात. एक कामाचा, ज्याच्यावर तो बसतो. दुसरा जिवाचा, जो सैल सोडलेला असतो आणि पहिल्याने दगा दिला तरच ताणला जातो. गच्चीच्या काँक्रीटमध्ये लोखंडी कड्या रोवलेल्या असतात. दोन दोर, दोन कड्या. वेगवेगळ्या. या धंद्यात वेद म्हणा, कायदा म्हणा, एवढाच आहे.

कंपनीच्या नियमाप्रमाणे जिवाचा दोर उतरणाऱ्याने स्वतःच्या हाताने अडकवायचा. पण पाहुण्यांचा मीच अडकवायचो. धाकटीच्या नवऱ्याचा जीव मी कुणाच्याही हाती देणार नव्हतो, खुद्द त्यांच्याही नाही. दोर अडकवून झाले की मी प्रत्येक कडीला लोंबकळून बघायचो. दोर हाताला गुंडाळायचा, पाय कठड्याला लावायचे आणि अंगाचा सगळा भार मागे टाकायचा. तीनदा. मी वजनाला काही कमी नाही. जी कडी मला पेलते ती हत्तीला पेलेल.

मी हे करत असताना पाहुणे कठड्यापाशी उभे राहून डोळे मिटून हात जोडायचे. त्यांची दोन मिनिटं देवाची, माझी दोन मिनिटं कड्यांची. रोज.

"कुणाला हात जोडता हो?" मी एकदा विचारलं.

"जो कोणी असेल त्याला."

"नाव-गाव काही?"

"नावात कशाला अडकायचं? एकाचं नाव घेतलं आणि दुसराच असला तर पंचाईत. आपलं मोघम बरं." मग डबा उघडताना त्यांनी मला सगळं गणित समजावून सांगितलं. "दादा, हे बघा. देव आहे आणि आपण मानला, तर चांदी. देव नाही आणि आपण मानला, तर गेलं काय? दोन मिनिटं. पण देव आहे आणि आपण मानला नाही, तर? मग बसा बोंबलत. सांगा, शहाण्याने काय करावं?"

"आणि देवाला कळलं की हा गडी सोय बघून हात जोडतोय, तर?"

"देवाला एवढं कळतं म्हणता, म्हणजे मानता की तुम्ही!"

यावर मी त्यांच्या डब्यातलं लोणचं संपवलं. ते मात्र सोडेनात. "दादा, तुमच्या इतक्या वर्षांत जिवाचा दोर किती वेळा कामी आला?"

"एकदाही नाही."

"मग बांधता कशाला?"

"त्याला मी लोंबकळून बघतो, पाहुणे. तुमच्या देवाला कोण लोंबकळून बघणार?"

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. मला वाटलं, मी जिंकलो. नाकाने कांदे सोलायची मला सवयच आहे.

धाकटीला लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवस राहिले. सातवा लागला तेव्हा एका रविवारी मी तिच्याकडे जेवायला गेलो होतो. तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. ती ओट्याला टेकून उभी होती, पाय सुजलेले.

"दादा, हे हात जोडतात तेव्हा तू बाजूला खांबासारखा उभा असतोस म्हणे."

"खांबासारखा नाही, कड्या बघत असतो."

"तेच ते. एकाने जोडायचे आणि शेजारच्याने चेष्टा करायची, हे मला बरं नाही वाटत. उद्यापासून तूही जोड. माझ्यासाठी म्हण. तुझं काय जातं?"

लहानपणी आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि माझा शर्ट धरून घरभर फिरायची. तिने काही मागितलं आणि मी दिलं नाही असं झालेलं नाही. खरंच, माझं काय जात होतं?

दुसऱ्या दिवशीची इमारत नऊ मजल्यांची होती. गच्चीवर एक कडी हाताशी होती आणि दुसरी पाण्याच्या टाकीच्या पलीकडे. तिथवर जिवाचा दोर पुरेना. जोडदोर पिशवीत होता. तोवर दोर पायात येऊ नये म्हणून मी तो तात्पुरता पहिल्याच कडीत अडकवला, कामाच्या दोराशेजारी. पिशवी उचलली तेवढ्यात पाहुणे कठड्यापाशी हात जोडून उभे राहिले, आणि मला धाकटीचे सुजलेले पाय आठवले. मी पिशवी खाली ठेवली. त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, डोळे मिटले, हात जोडले. काय म्हणायचं ते सुचेना. शेवटी मनात म्हटलं, असावं आपलं.

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. छातीतलं काहीतरी सैल झालं. वारा बेताचा होता, ऊन कोवळं होतं, आणि एखादं काम नीट उरकल्यावर वाटतं तसं मला वाटलं. डोळे उघडले आणि म्हणालो, "चला पाहुणे."

ते माझ्याकडे बघून हसले आणि कठड्यावरून उतरले.

त्या दिवशी त्यांचीही दोन मिनिटं देवाकडे गेली आणि माझीही. कड्यांकडे कुणीच नव्हतं.

ते सहा मजले उतरले तोवर कडी टिकली. काँक्रीटमध्ये पाणी मुरून ती आतून कुजली होती. मी लोंबकळलो असतो तर पहिल्याच झटक्याला हातात आली असती. ती माझ्या डोळ्यांसमोर उपटली गेली, ढेकळासकट, आणि दोन्ही दोरांना घेऊन कठड्यावरून गेली. मग खाली पत्रा वाजला.

मी नऊ मजले कसा उतरलो ते मला आठवत नाही. गुडघ्याने त्या दिवशी तक्रार केली नाही. पाहुणे वाहनं ठेवायच्या शेडच्या पत्र्यावर पडले होते, पत्रा त्यांच्याखाली पलंगासारखा दबला होता. त्यांच्या शेजारी ती कडी, आणि तिच्यात दोन हूक. कामाच्या दोराचा आणि जिवाच्या दोराचा.

आता जे सांगतो ते मी कुणालाच सांगणार नव्हतो. मी आधी त्यांची नाडी नाही बघितली. मी आधी जिवाच्या दोराचा हूक कडीतून काढला आणि बाजूला टाकला. विचार करून नाही केलं. माझ्या हातांनी केलं, आणि हात माझेच आहेत. मग मी त्यांच्या नाकापाशी बोट धरलं. श्वास चालू होता.

दवाखान्यात त्यांचा जबडा तारांनी बांधला. कंबरेचं हाड तीन ठिकाणी, बरगड्या पाच. डॉक्टर म्हणाले, जगतील. चालतील का, ते आत्ताच विचारू नका. पाच दिवस ते औषधांच्या गुंगीत होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागे. त्याला दोन माणसं लागतात आणि दोघांनी एकाच वेळी जोर लावावा लागतो, नाहीतर कंबर हलते. नर्सने धाकटीला बजावलं होतं, तुम्ही वाकायचं नाही. पण धाकटी कोणाचं ऐकते?

तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "दादा, त्या दिवशी तू हात जोडले होतेस ना?"

मी मान हलवली.

"वाटलंच मला. म्हणून तर वाचले. नाहीतर नऊ मजल्यांची इमारत!" आणि तिने माझे दोन्ही हात स्वतःच्या डोळ्यांना लावले. तेच हात. मी ते काढूनही घेऊ शकलो नाही. त्यानंतर ती मला खाटेच्या पायथ्याशी उभं करायची आणि म्हणायची, जोड. मी जोडायचो. वाण नाही पण गुण लागला म्हणतात तसा आता मी दिवसातून दहादा हात जोडत होतो, दवाखान्याच्या जिन्यात, चहाच्या टपरीवर, रस्ता ओलांडताना.

पण मी मागत काय होतो? हे वाचू देत, असं म्हणायचो. मनापासून म्हणायचो. आणि ते म्हणून होतंय न होतंय तोच खालून दुसरं मागणं वर यायचं. यांना काही आठवू नये. त्या सकाळचं काही, काहीच आठवू नये. डॉक्टर म्हणाले होते की डोक्याला मार आहे, थोडंफार विसरणं होऊ शकतं. ते ऐकून मला आनंद झाला होता. माझ्या बहिणीचा नवरा विसरभोळा होणार म्हणून मला आनंद झाला होता! दोन्ही मागणी एकाच देवाकडे, एकाच तोंडाने. देव असला तर त्याने काय समजायचं? मला माझीच शिसारी यायची, आणि तरी मी हात जोडायचो.

सहाव्या दिवशी पाहुण्यांनी डोळे उघडले. बोलता येत नव्हतं. त्यांनी धाकटीकडे बघितलं, तिच्या पोटाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. बराच वेळ बघत होते. माझी पाचावर धारण बसली. नर्सने त्यांना वही आणि पेन दिलं, पण हात थरथरत होता. त्यांनी फक्त 'पाणी' लिहिलं आणि झोपले. चोराच्या मनात चांदणं.

नवव्या दिवशी दुपारी कंपनीचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. मोसंबी घेऊन आले, धाकटीची चौकशी केली. मग त्यांनी मला खिडकीपाशी नेलं आणि एक कागद काढला. धाकटी खाटेच्या उशाशी होती, चार पावलांवर.

"घटनेचा अहवाल आहे. तुम्ही वर होतात, म्हणून तुमची सही लागते." मी वाचला. कामगाराने जिवाचा दोर कडीला अडकवलेला नव्हता. हूक मोकळा आढळला. नियमानुसार ही जबाबदारी कामगाराची स्वतःची.

"म्हणजे यांची चूक," मी म्हणालो.

"सापडलं तसं लिहिलंय. हूक मोकळाच होता ना?"

"होता."

"मग झालं. पुढे कंपनीला भरपाईचं काही करता येणार नाही, पण माणूस वाचला हे महत्त्वाचं. इथे करा." त्यांनी पेन पुढे केलं.

आणि मी गणित मांडायला लागलो. अगदी पाहुण्यांसारखं. सही केली आणि यांना आठवलं नाही, तर काहीच गेलं नाही. सही केली आणि आठवलं, तर माझा शब्द आणि डोक्याला मार लागलेल्या माणसाचा शब्द. सही नाही केली, तर नोकरी गेली, आणि धाकटी गेली. शहाण्याने काय करावं? सगळं बरोबर जुळत होतं. सही करण्यातच माझा फायदा होता. फक्त त्या गणितात खाटेवरचा माणूस कुठेच नव्हता, आणि देवही नव्हता. असलाच, तर त्याने मला हूक काढताना बघितलं होतं. नसला, तर बघणारा मी एकटा होतो, आणि मग तर विसरणार कोण?

धाकटीने तेव्हा, अगदी सहज, पाहुण्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि त्यांना म्हणाली, "बघा, दादा आहे ना, तो सगळं नीट करील."

"दोर मी अडकवला होता," मी म्हणालो. आवाज मोठा निघाला. "दोन्ही दोर मी एकाच कडीला अडकवले होते. तात्पुरता म्हणून अडकवला आणि विसरलो. कडी तपासली नाही. यांचा हूक मोकळा नव्हता, साहेब. खाली गेल्यावर मी काढला."

साहेबांनी पेन मागे घेतलं. "तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. ते लिहा, मी सही करतो."

धाकटी उठली नाही. ओरडलीही नाही. तिचा हात पाहुण्यांच्या कपाळावर होता तसाच राहिला. "पण तू हात जोडले होतेस," ती म्हणाली.

"म्हणून तर कड्या बघायच्या राहिल्या."

मला वाटलं होतं, खरं बोललं की हलकं वाटतं. सगळे तसंच सांगतात. मला काही हलकं वाटलं नाही.

तेवढ्यात पाहुण्यांनी बोटांनी चादरीवर टकटक केलं. ते जागे होते. किती वेळ, कोण जाणे. त्यांनी वही मागितली. धाकटीने ती त्यांच्या छातीवर धरली आणि ते लिहायला लागले, लहान मुलासारखं, एकेक अक्षर. साहेबही थांबले. लिहून झाल्यावर धाकटीने वही स्वतःकडे वळवली आणि मोठ्याने वाचलं.

"एकाच कडीत दोन हूक. मी बघितले होते."

मी पुढे झालो. "बघितले होते? मग बोलला का नाहीत? पाहुणे, एक शब्द! एक हाक मारायची!"

त्यांनी पुन्हा पेन धरलं. या वेळी फार वेळ लागला. धाकटी वाचायला लागली आणि मध्येच थांबली. मग उरलेलं अगदी हळू वाचलं.

"तुम्ही हात जोडून उभे होतात. पहिल्यांदाच. मध्ये बोलावंसं वाटलं नाही. नंतर तुम्ही चला म्हणालात. वाटलं, आज दोघांनी जोडलेत. आज काय होणार?"

पाहुण्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी आलं आणि कानांत गेलं. पुसायला त्यांचा हात पोचेना.

साहेबांनी कागदाची घडी केली. नवीन अहवाल उद्या पाठवतो म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता गेले. मोसंबी खिडकीत राहिली.

धाकटीने वहीचं ते पान फाडलं नाही, फक्त वही मिटली. "दादा, एक विचारते, खरं सांग. त्या वेळी तू काय मागितलंस? ह्यांच्यासाठी मागितलंस की माझ्यासाठी?"

मी काहीतरी बरं सांगू शकलो असतो. बाळासाठी मागितलं, असं म्हणालो असतो तर तिने विश्वास ठेवला असता.

"काहीच नाही मागितलं," मी म्हणालो. "असावं आपलं, एवढंच म्हटलं."

अकरा वर्षं घरात तो शब्द ऐकून ती हसत आली होती. आता हसली नाही. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो आणि माझे हात, सवयीने, पुन्हा एकमेकांजवळ आले. मला कळलंसुद्धा नाही.

"ते हात सोड," ती म्हणाली. "आधी ते हात सोड, दादा. दोन तास होऊन गेले. ह्यांना वळवायचंय."

मी खाटेच्या त्या बाजूला गेलो. पाहुण्यांच्या पाठीखाली एक हात घातला, कंबरेखाली दुसरा. त्यांचा भार माझ्या तळव्यांवर आला, ऊबदार, ओलसर. वजनाला ते काही फार नव्हते. समोरून धाकटीने चादरीची कड दोन्ही मुठींत धरली, पोट सांभाळून, न वाकता. ती 'हं' म्हणाली की दोघांनी एकदम ओढायचं, असं ठरलेलं होतं.

मी तिच्याकडे बघत थांबलो. 'हं' म्हणायला तिने फार वेळ लावला.